बारशाच्या आवतणासोबत एक विनंती

जुन्नर तालुक्यातील येडगाव हे धरणाचे गाव. डिंभे, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी येडगावच्या जलाशयात आणले जाते आणि तेथून कुकडीच्या डाव्या कालव्याने ते पुढच्या तालुक्यांकडे जाते. या परिसरातील एखाद्या घरात बाळ जन्मले की नातेवाइकांचाही असाच संगम होतो. जुन्नर-आंबेगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबईला जात आली आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांतही मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील माणसे पूर्वीपासून मोठ्या संख्येने आहेत. बारशाचे आवतण गेले की मुंबईची आत्या, चाकणला कारखान्यात काम करणारा मामा, पुण्यात शिकणारी भाचरे आणि शेजारच्या वाडीतल्या मावश्या एका दिवशी एका पाळण्याभोवती जमतात. कोणी बाळंतविडा आणते, कोणी चांदीचे वाळे. प्रत्येकाला बाळ एकदा तरी मांडीवर घ्यायचे असते.

या गर्दीत एक पाहुणा आवतणाशिवाय येऊ शकतो, तो म्हणजे डांग्या खोकला. त्याच्याविषयी आणि त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी नातेवाइकांना कोणत्या शब्दांत विनंती करावी, याविषयी आज लिहीत आहे. हे लेखन मुद्दाम घरातील आजी-आजोबांना उद्देशून आहे. ही विनंती करण्याचे काम सर्वांत चांगले तेच करू शकतात, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

सव्वा महिना आणि सहा आठवडे

आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ यांच्यासाठी सव्वा महिन्याची मर्यादा पूर्वापार आहे. दहा दिवसांचे सोयर, बाळंतिणीची वेगळी खोली, बाहेरून आलेल्याने आधी हातपाय धुवायचे, मग आत जायचे, हे सर्व आपण पाहिले आहे आणि पाळलेही आहे. त्यामागची धार्मिक समजूत काहीही असो, त्यात एक शहाणपण होते. नवजात जीव नाजूक असतो आणि त्याच्याजवळ कोण येते यावर घरच्यांचे लक्ष असले पाहिजे, हे त्या रीतीने घराला शिकवले.

आता लसीकरणाचे वेळापत्रक पाहा. जन्मल्यावर बाळाला बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब या आजाराची लस मिळते. डांग्या खोकल्याविरुद्धचा पहिला डोस मात्र पेंटाव्हॅलंट लसीतून सहाव्या आठवड्यात मिळतो. पुढचे डोस दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. सव्वा महिना म्हणजे सुमारे अडतीस दिवस, सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आपली रीत संपते आणि जवळजवळ त्याच सुमारास लसीचे संरक्षण सुरू होऊ लागते. पहिल्या डोसाने ते पूर्ण होत नाही, डोसांगणिक वाढत जाते. तोपर्यंत, आणि विशेषतः पहिल्या सहा आठवड्यांत, बाळाकडे स्वतःचे लसीचे कवच नसते. पाचवी आणि बारसे हे दोन्ही सोहळे नेमके याच काळात येतात.

डांग्या खोकला बोर्डेटेला पर्टुसिस या जिवाणूमुळे होतो. खोकताना-शिंकताना उडणाऱ्या तुषारांतून तो पसरतो. एका घरात तो शिरला, तर ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा दहांतील आठ-नऊ जणांपर्यंत तो पोहोचू शकतो. मोठ्या माणसाला पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत साधी सर्दी वाटते. नंतर खोकल्याच्या उबळी सुरू होतात आणि त्या कित्येक आठवडे राहतात. चीनमध्ये या दुखण्याला शंभर दिवसांचा खोकला असेच नाव आहे. गंमत अशी की तो सर्वाधिक पसरतो तो सुरुवातीच्या सर्दीच्या दिवसांत, जेव्हा कोणालाच त्याचा संशय येत नाही. ‘कांद्याच्या चाळीत धूळ फार होती’, ‘एसटीत खिडकीजवळ बसलो होतो’, असे म्हणत माणूस बारशाला येतो आणि बाळाचा मुका घेतो.

तान्ह्या बाळात मात्र हा आजार वेगळे रूप घेतो. खोकल्यानंतर श्वास घेताना होणारा तो ओळखीचा ‘हूप’ आवाज त्याच्यात अनेकदा नसतोच. खोकलाही फारसा नसतो. बाळ दूध ओढेनासे होते, मध्येच श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. न्यूमोनिया, झटके आणि मृत्यूपर्यंत मजल जाऊ शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१० साली या आजाराची साथ आली. नऊ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळे दगावली. ज्या देशात दवाखाने, रुग्णवाहिका, अतिदक्षता विभाग यांची वाण नाही, तेथे हे घडले. आजार झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो बाळापर्यंत पोहोचू न देणे हाच खरा उपाय, एवढे त्यातून कळते.

आपल्या पिढीचा हिशेब

अनेकांच्या मनात प्रश्न येईल की आम्ही दहा-दहा भावंडे वाढलो, तेव्हा कोणी पाहुण्यांना लसीचे विचारत नव्हते. हे खरे आहे. पण त्या दहांपैकी किती वाढली आणि किती गेली, याचा हिशेबही प्रत्येक जुन्या घरात असतो. तो मोठ्याने सांगितला जात नाही, एवढेच.

आपल्यापैकी पुष्कळांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. ती लस भारतात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पावणेदोनशे वर्षांनी, १९७७ मध्ये, भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. नातवंडांना कडेवर घेऊन पोलिओच्या बूथवर रांगेत उभे राहिलेले आजी-आजोबाही आपणच. २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लसीने काय होते, हे पुस्तकात वाचून कळलेली ही पिढी नाही. तिने ते डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच या विषयात घरातील ज्येष्ठांच्या शब्दाला वजन आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी. देशात लहान मुलांसाठी विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना बालपणी डांग्या खोकल्याची लस मिळालेली नसावी. ज्यांना मिळाली किंवा ज्यांना तो आजार होऊन गेला, त्यांचीही प्रतिकारशक्ती काही वर्षांनी ओसरते. म्हणजे बाळाची आजी, आजोबा, काका, आत्या, अगदी आईवडीलसुद्धा आज या आजारापासून सुरक्षित असतीलच असे नाही. बाळांना हा आजार बहुधा बाहेरच्या अनोळखी माणसाकडून न होता घरच्याच कोणाकडून होतो, असे अनेक देशांत दिसून आले आहे. प्रेमाने जवळ घेणारे हातच तो आणतात. यात दोष कोणाचाही नाही, पण जबाबदारी मात्र आहे.

लस कोणती, कोणी आणि केव्हा

पहिला मान बाळाच्या आईचा. गरोदरपणाच्या सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात तिने टीडॅप ही लस घेतली, तर तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात. बाळ ते संरक्षण घेऊनच जन्माला येते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर स्त्रियांना अशी लस दिली जाऊ लागली आणि तेथील अनुभवानुसार पहिल्या काही आठवड्यांत बाळाला तिच्यामुळे सुमारे ९० टक्के संरक्षण मिळाले. नातेवाइकांच्या लसीपेक्षा आईच्या लसीचा उपयोग अधिक खात्रीचा आहे. तेव्हा घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर ही चौकशी सातव्या महिन्यातच करावी. डोहाळजेवणाची तयारी सुरू होते तेव्हाच लसीचीही आठवण ठेवली, तर ती चुकत नाही.

येथे एक गोंधळ टाळायला हवा. सरकारी केंद्रात गरोदर स्त्रीला जे इंजेक्शन मिळते ते टीडी. पूर्वीच्या टीटीच्या जागी ते आले. त्यात धनुर्वात आणि घटसर्प यांपासून संरक्षण आहे, डांग्या खोकल्यापासून नाही. टीडॅपमध्ये तिन्ही आहेत. ती बहुधा खासगी दवाखान्यात, पैसे देऊन घ्यावी लागते. म्हणून ‘धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. टीडीच्या एका डोसाच्या जागी टीडॅप घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरी पायरी बाळाच्या रोजच्या सहवासातील माणसांची. वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी मावशी. या मावशीचा आपल्याला सहज विसर पडतो. ती एका दिवसात दोन-तीन घरी जाते आणि प्रत्येक घरी तान्हे बाळच असते. तिच्याकडून लसीची अपेक्षा धरायची असेल, तर तिच्या लसीचे पैसे घरच्यांनी द्यावेत. तो आपल्याच बाळासाठी केलेला खर्च आहे.

मोठ्या माणसाला टीडॅपचा एक डोस पुरतो. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी तो घ्यावा. दंड दुखणे, किंचित ताप, अंगदुखी हे एक-दोन दिवस होऊ शकते. पूर्वी एखाद्या लसीने तीव्र प्रतिक्रिया झाली असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा सध्या ताप असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

तिसरी लस फ्लूची. सहा महिन्यांखालील बाळाला ती देता येत नाही, म्हणून त्याचे रक्षण भोवतालच्यांनीच करायचे असते. गरोदर स्त्रीने घेतलेल्या फ्लूच्या लसीचा लाभ जन्मानंतर बाळालाही होतो. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस दिसतो. ही लस दरवर्षी घ्यावी लागते. मधुमेह, हृदयविकार, दमा असलेल्या ज्येष्ठांना तर ती स्वतःसाठीच हवी. नातवंडाच्या निमित्ताने ती घेतली गेली, तर दोघांचेही भले होते.

पाहुण्यांसोबत येणाऱ्या लहान मुलांचे लसीकरण कार्डही पाहून घेण्यास सांगावे. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात आणि पुढे भिवंडी, मालेगावात गोवराचा उद्रेक झाला, मुले दगावली. लस चुकलेल्या मुलांत तो पसरला. गोवर-रुबेलाचे डोस नवव्या ते बाराव्या आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात सरकारी केंद्रात मोफत मिळतात. राहून गेलेला डोस उशिरा का होईना, घेता येतो.

विचारायचे कसे

खरी अडचण पैशांची किंवा दवाखान्याच्या अंतराची नाही. अडचण संकोचाची आहे. ‘बाळाला पाहायला या’ म्हणताना ‘पण आधी लस घ्या’ कसे म्हणायचे? नव्या आईने हे म्हटले, तर ‘शिकलेली सून आली आणि आम्हाला नियम शिकवू लागली’ असे बोलणे होते. बाळंतपणाने थकलेल्या मुलीवर तो भार टाकू नये. तेच वाक्य आजोबांनी आपल्या बहिणीला फोनवर सांगितले, तर तो अपमान ठरत नाही. ती घराची रीत ठरते.

त्यासाठी आधी स्वतः लस घ्यावी. मग बोलण्याला बळ येते. शब्द साधे असावेत. आजोबांनी थोरल्या बहिणीला असे सांगावे, ‘अक्का, बारशाला तू हवीसच, तुझ्याशिवाय पाळणा हलायचा नाही. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना खोकल्याची लस घ्यायला सांगितली. मी घेतली, हिनेही घेतली. तूही पंधरा दिवस आधी घेऊन टाक. पैशांचे मी बघतो.’ या चार वाक्यांत आग्रह आहे, कारण आहे, स्वतःचे उदाहरण आहे आणि मदतही आहे. संशय कोणावरच नाही.

व्याह्यांशी बोलताना आजीने विहीणबाईंना विश्वासात घ्यावे. ‘विहीणबाई, आपण दोघींनी एकाच दिवशी लस घेऊ या’ असे म्हटले, तर मानापमानाचा प्रश्नच उरत नाही. गटावर सर्वांना एकच संदेश पाठवण्यापेक्षा जवळच्यांना एकेकाने फोन करावा. गटावरचा संदेश आदेशासारखा वाटतो. आशाताईंचीही मदत घ्यावी. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. जे घरच्यांचे ऐकत नाहीत, ते कधी कधी त्यांचे ऐकतात.

कोणी नकार दिला, तर वाद घालू नये. ‘ठीक आहे, बाळाचे तीन डोस होऊ द्या, मग चार दिवस राहायलाच या’ असे म्हणावे. तोवर व्हिडिओ कॉलवर दर्शन होते. आलेच, तर मास्क लावून, चार हात दूर बसून बोलता येते. चौदा आठवडे हा नात्याच्या आयुष्यात फार मोठा काळ नाही. बारसे बाराव्या दिवशी घरच्या चार माणसांत करावे आणि गावजेवण, सगेसोयरे यांचा सोहळा बाळाच्या तिसऱ्या डोसानंतर ठेवावा, हाही चांगला मार्ग आहे. त्याने कोणाचा मान कमी होत नाही आणि बाळंतिणीलाही विश्रांती मिळते.

लस घेतली तरी पाळायचे

लसीने सर्व काही भागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. टीडॅप घेतलेल्या माणसाला आजार होण्याची शक्यता कमी होते, पण त्याच्याकडून जंतू पसरणारच नाही अशी हमी नाही. म्हणून लस घेतलेल्यालाही सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल, तर त्याने बाळाच्या खोलीत जाऊ नये. डांग्या खोकल्याचे निदान झाले असेल, तर योग्य प्रतिजैविकाचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत तरी दूर राहावे. ओठावर तापाचे फोड असलेल्याने बाळाचा मुका मुळीच घेऊ नये. त्यातील विषाणू नवजात बाळाला जीवघेणा ठरू शकतो. खरे तर पहिल्या काही महिन्यांत कोणीच बाळाच्या तोंडाचा किंवा हातांचा मुका घेऊ नये, पायांना हात लावून आशीर्वाद द्यावा.

ज्येष्ठांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून क्षयरोग नाही याची खात्री करून घ्यावी. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. ‘माझा जुनाच खोकला आहे’ असे म्हणून नातवंडाला उराशी धरू नये.

साबणाने हात धुणे, बाळाच्या खोलीत हवा खेळती ठेवणे, धुरी आणि विडी-सिगारेटचा धूर टाळणे हे रोजचे नियम. खोकल्यावर उपाय म्हणून बाळाला मध चाटवू नये. एक वर्षाखालील बाळाला मध धोकादायक असतो. बाळ दूध ओढत नसेल, श्वास जोरात चालत असेल किंवा मध्येच थांबत असेल, ओठ निळे पडत असतील, अंग गरम किंवा गार लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. पाटा पुजावा, दिवा लावावा, कोरा कागद आणि लेखणीही ठेवावी. त्याआधी महिना-दीड महिना आणखी एक कागद घ्यावा आणि त्यावर बाळाजवळ येणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे लस झाली की नाही याची खूण करावी. यादीत पहिले नाव स्वतःचे असावे. बाळाच्या आईच्या नावापुढील खूण राहिली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करावा. बाकीच्यांना फोन करायला आजी-आजोबांपाशी वेळ असतो, शब्द असतात आणि ते ऐकले जातील असा अधिकारही असतो.